गॅसची कार्ट, बॅटरीची कार्ट आणि आमचे रोजडे

प्रश्न : काका नमस्कार, मी राजेंद्र नगरला राहते, तुमचं सदर आमच्याकडे सासूबाईंपासून सगळे वाचतात. आमचं सिमरोलच्या पुढे चोरलकडे जाताना साडेसहा एकर शेत आहे, त्यात दोन खोल्यांचं घर बांधलंय, शनिवार-रविवार तिकडेच असतो. फाटकापासून घर सातशे मीटर आत, रस्ता कच्चा, मधे एक नाला आणि शेवटी चढ. सासूबाई ८१ वर्षांच्या, गुडघे गेलेले, कार खाली घासते म्हणून नाल्याच्या अलीकडेच थांबवावी लागते, मग त्यांना खुर्चीत बसवून दोघं जण उचलून नेतात आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही, सगळी वाट बडबडत असतात. म्हणून एक गोल्फ कार्ट घ्यायची ठरतंय. भांडण पुढचं आहे. ह्यांचा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याच्याकडे शिकारीची कार्ट आहे, उंच चाकं, बंदूक ठेवायला स्टँड, तो व्हिडिओ पाठवतो आणि सांगतो की गॅसचीच घ्या, बॅटरीची म्हणजे बायकांची (हे मला लागलं). ह्यांनाही गॅसचीच हवी, कारण रात्री रोजडे (नीलगाई) येतात, हरभरा-गहू तुडवून जातात, त्यांच्यामागे पळवायला. मी म्हणते बॅटरीची. एका रिसॉर्टमधून निघालेली जुनी इंपोर्टेड गॅसवाली दोन लाखात मिळतेय, आणि नवीन सहा सीटची बॅटरीवाली साडेचार सांगतायत. दिवाळीत नातवंडं पुण्याहून येणार त्याच्या आत निर्णय हवा. आणि एक बावळट प्रश्न, गॅसची म्हणजे सिलिंडर कुठे लावतात?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : ताई, बावळट कसला, हाच प्रश्न मला आमच्या कॉलनीतल्या एका रिटायर्ड इंजिनियरने पण विचारला होता. सिलिंडर कुठेच नसतो. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलिन म्हणतात आणि बोलताना त्याचं नुसतं गॅस करतात, म्हणजे तुमच्या दिरांची गॅसवाली कार्ट ही साधी पेट्रोलची गाडी आहे. सीटखाली एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, साधारण साडेतीनशे-चारशे सीसीचं (यामाहाच्या जुन्या कार्टचं ३५७ सीसीचं असे), पुढे स्कूटरसारखा बेल्ट, गियर टाकायची भानगड नाही. एक गंमत तेवढी आहे, पायडल सोडलं की इंजिन बंद पडतं आणि पायडल दाबलं की आपोआप सुरू होतं. ही गंमत लक्षात ठेवा, खाली तिच्यावरून एक किस्सा सांगायचाय.

आता तुमचे दीर चूक बोलतायत का, तर नाही, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. तिकडे शिकारीसाठी मोठमोठी रानं भाड्याने घेतात, शेकडो एकरांची, त्यात प्लग कुठे नसतो, हरणांचा सीझन नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत म्हणजे ऐन थंडीत, आणि गारठ्यात लेड-ॲसिड बॅटरी (इन्व्हर्टरला असते तशी, पाणी घालायची) मार खाते, शून्य अंशाच्या आसपास वीसेक टक्के दम तिथेच गेला. लिथियमची वेगळी तऱ्हा, शून्याच्या खाली ती चार्ज करायचीच नसते. त्यात मचाणाचं लोखंड न्यायचं, मारलेलं हरिण ओढून आणायचं, अशा वेळी पाच लिटरचा डबा मागे टाकला की माणूस निश्चिंत. पण गंमत बघा, तिकडेही सगळे शिकारी पेट्रोलवाले नाहीत. हरणाचं नाक आणि कान फार तेज, आणि पेट्रोलच्या कार्टचा धूर आणि फटफट दोन्ही त्याला आधीच कळतात, म्हणून ज्यांचं रान लहान आणि घर जवळ ते मुद्दाम बॅटरीची घेतात, गुपचूप जाता येतं म्हणून. तेव्हा बॅटरीची बायकांची हे काही खरं नाही, दिरांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगा, बहुतेक माहीत असेलच. जे रोजडे तुमचा हरभरा खातात तेच, म्हणजे आपलीच नीलगाय, १९३० च्या सुमाराला दक्षिण टेक्सासच्या किंग रँचवर नेऊन सोडली, ती तिथे अशी फोफावली की आता तिची तिकडे बाराही महिने शिकार चालते. त्यामुळे त्यांच्या व्हिडिओत रोजडा दिसला आणि तुमच्या घरच्यांना वाटलं की आपणही, तर त्यात नवल नाही. पण इकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, फास लावणं, विष घालणं, आणि त्यासाठी जनावर हाकणं हेसुद्धा त्यातच येतं. राळामंडळच्या टेकडीवर होळकरांचं शिकारघर अजून उभं आहे, पण ते बघायला जायचं, टेकडीच आता अभयारण्य आहे. होळकरांचे दिवस गेले ताई.

कायदा राहू द्या बाजूला, नुसता हिशोब करा. कार्ट पळते ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. रोजडा सहज त्याच्या दुप्पट पळतो. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो, अंधारात बिथरून अंगावर आला तर कार्टला ना दार ना काच. आणि आपल्या मालव्यात शेतातल्या जुन्या विहिरींना कठडे नसतात हे मी तुम्हाला काय सांगू. त्या पट्ट्यात बिबट्या आहेच, २०२३ मध्ये तर महूला वाघ आला होता, सगळ्या इंदूरला आठवतंय. म्हणजे रात्री उघड्या कार्टमधून रोजड्यामागे हिंडायचा बेत पेट्रोलवर पण नको आणि बॅटरीवर पण नको. झटका तारेचं सोलर कुंपण बघा, आणि नुकसान झालं की त्याच आठवड्यात पटवाऱ्याला बोलावून पंचनामा करून घ्या, गहू कापल्यावर कोणी येत नाही. सरकारलासुद्धा हे प्रकरण सोपं नाही, २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि रोजडे पकडून दुसरीकडे नेले, तिथे तुमच्या ह्यांची कार्ट काय पुरी पडणार.

म्हणजे उरलं काय, तर सासूबाई, नातवंडं, भाजीच्या पाट्या, पाण्याचे कॅन आणि सातशे मीटर. ह्या कामाला मी डोळे मिटून बॅटरीची सांगतो, आणि कारण प्रदूषण वगैरे नाही. कारण मेकॅनिक आहे. इंदुरात आज गल्लोगल्ली ई-रिक्षा फिरतात, त्या पण ४८ व्होल्टच्या, त्यामुळे चार्जर, केबल, कॉन्टॅक्टर, बॅटरीचे टर्मिनल ह्यातलं समजणारा पोरगा तुम्हाला महूला मिळेल, सिमरोलला पण मिळेल. (एक मात्र, ई-रिक्षाची मोटर हजार-दीड हजार वॉटची आणि कार्टची तीन-चार हजारांची, त्यामुळे रिक्षाचा कंट्रोलर कार्टला बसवतो भिया, चालून जाईल म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.) ह्याउलट त्या रिसॉर्टच्या पेट्रोल कार्टचा स्टार्टर-जनरेटर गेला, किंवा तिचा बेल्ट तुटला, तर पार्ट बाहेरून येईपर्यंत कार्ट आंब्याखाली आणि सासूबाई परत खुर्चीत. आपल्याकडे जुगाड होतो, मान्य, पण जुगाड केलेल्या ब्रेकवर मी ८१ वर्षांच्या बाईला बसवणार नाही.

शिवाय तुम्ही शनिवार-रविवारच जाता. पावसाळ्यात महिनाभर जाणं झालं नाही तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल बसून बसून चिकट होतं, आणि आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच मिळतं, ते ओल पण धरतं. मग दर दिवाळीला कार्बोरेटर खोलणं आलंच. बॅटरीला पडून राहायचा त्रास नाही असं नाही हं, तिला अर्धी रिकामी ठेवून निघून आलात तर प्लेटांवर सल्फेट चढतं आणि ती कायमची मरते. म्हणून रविवारी संध्याकाळी निघताना नाही, दुपारी जेवणानंतरच चार्जिंगला लावायची सवय करा. घराचं कनेक्शन घरगुती आहे ना हे बघा, शेतीच्या फीडरवर १० तास वीज आणि ती कधी येईल ते त्यांच्या मर्जीवर. १५ ॲम्पियरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं, पोहे-जिलेबीच्या नाश्त्याला आलेला वायरमन हे जाता जाता करून देतो त्याच्यावर जाऊ नका, अर्थिंगचा खड्डा डोळ्यादेखत खणून घ्या.

चार्जिंग पुरेल का ही भीती सगळ्यांना असते. ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या, १७० ॲम्पियर-अवरच्या, म्हणजे साधारण ८ युनिट वीज पोटात. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून वापरायला ४ युनिट धरा. कच्च्या रस्त्यावर, चढासकट, माणसं बसवून त्यात पंचवीस-तीस किलोमीटर आरामात होतात. तुमच्या दिवसाला दहा फेऱ्या धरल्या तरी जाऊन-येऊन १४ किलोमीटर. भरायला भिंतीतून पाच-साडेपाच युनिट जातील, चाळीस-पंचेचाळीस रुपये. पेट्रोलची कार्ट लिटरला दहा-बारा दिली तर दिली, आणि लिटर शंभरच्या वर आहे. पण इथे दुकानदार जे सांगत नाही ते मी सांगतो, लेड-ॲसिडचा सेट चार-पाच वर्षांत बदलावा लागतो आणि तो खर्च दणदणीत असतो, तो धरला की पेट्रोल आणि बॅटरीतला फरक वाटतो तेवढा राहत नाही. आपल्याकडचं ऊन त्यात भर घालतं, २५ अंशांच्या वर दर दहा अंशाला बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय असतं ते तुम्ही भोगलंयच. तेव्हा पत्रा नको, गवताचं छप्पर करा, चारी बाजूंनी वारा जाऊ द्या. वारा दुसऱ्या कारणासाठी पण हवा, चार्ज होताना ह्या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात, बंद खोलीत चार्जिंग आणि शेजारी देवघरातली समई असा प्रकार नको.

ह्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, आरओचं नाही, आणि चार्ज झाल्यावर घालायचं, आधी घातलं तर उकळून बाहेर येतं आणि खालची चासी ॲसिडने खाऊन टाकतं. हे महिन्याला कोण करणार ते आत्ताच घरात ठरवून घ्या. कोणीच करणार नसेल, आणि मला वाटतं नसेलच, तर पैसे थोडे ओढून लिथियम घ्या, त्यातलं आयर्न फॉस्फेटवालं (एलएफपी). पाणी नाही, वजन लेडच्या तिसऱ्या हिश्शाएवढं (लेडचा सेट १७० किलोच्या आसपास जातो, म्हणजे दोन धडधाकट माणसं फुकट बसवून फिरवल्यासारखं), आणि आठ-दहा वर्षं बघायचं नाही. फक्त चार्जर तिचाच हवा, जुना लेडचा लावायचा नाही.

आता त्या उंच चाकांबद्दल, कारण व्हिडिओ बघून ते मागणार. तिकडे शिकारी लोक लिफ्ट किट लावून कार्ट सहा-सहा इंच वर उचलतात, ओंडक्यावरून जावी म्हणून. तुमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. साधी कार्ट त्यांना बरी पडते ती पायरी खाली आहे म्हणूनच, कंबर टेकवली की बसल्या, तीच सहा इंच वर गेली की परत दोघं जण उचलायला लागणार, फक्त खुर्चीऐवजी कार्टमध्ये. आणि उंच गाडी वळणावर लवकर उलटते. त्या पैशात नाल्यावर दोन सिमेंटचे पाइप टाकून घ्या आणि रस्त्यावर मुरूम पसरा. काळ्या मातीत पावसाळ्यात लिफ्ट केलेली पण रुतते, फोर व्हील ड्राइव्ह नसते ती, मागचीच दोन चाकं ओढतात, काळी माती त्या चाकांना अशी धरते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुरमाच्या बाहेर काढूच नका.

शेवटच्या चढाचं विसरू नका. चढताना काही नाही, उतरताना. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, ड्रमचे. जुन्या डीसी मोटरच्या काही कार्ट उतारावर मोकळ्या सुटतात, नवीन एसी मोटरवाल्या स्वतःला धरून ठेवतात आणि जाता जाता थोडी वीज परत बॅटरीत पण टाकतात. साडेचार लाखवाला काय देतोय ते विचारा, आणि नुसतं विचारू नका, सहा माणसं बसवून एखाद्या उतारावर नेऊन दाखव म्हणा. शोरूमच्या टाइल्सवर सगळ्याच चांगल्या चालतात.

आता तो किस्सा. माझ्या साडूंच्या शेतावर, मानपूरकडे, पेट्रोलची कार्ट होती. आम्ही सगळे ओट्यावर दाल-बाफले खाऊन सुस्त पडलेलो, कार्ट अंगणात उभी, आवाज नाही म्हणजे बंद आहे असं सगळ्यांना वाटलं, किल्ली मात्र तशीच चालूवर. पाच वर्षांचा नातू चढला आणि ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळत पायडलवर उभा राहिला. इंजिन सुरू, कार्ट सरळ तुळशी वृंदावनात. पोराला खरचटलं नाही, वृंदावन गेलं, आणि साडूंच्या आईने त्यावर जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. बॅटरीच्या कार्टमध्ये हे जास्तच होऊ शकतं, ती तर चालतानाही गप्प. म्हणून दिवाळीत नातवंडं आली की किल्ली तुमच्या पदराला. मागे उलट्या तोंडाची सीट असते ती पोरांना फार आवडते आणि पोरं तिथूनच पडतात, तिला पट्टे बसवून घ्या, आणि पाय बाहेर काढून बसायचं नाही हे पहिल्याच दिवशी ओरडून सांगा, नंतर ऐकत नाहीत.

आणि कार्ट फाटकाच्या आतच. फक्त बंद आवारात वापरायला बनवलेली गाडी मोटर वाहन कायद्यात वाहन म्हणून धरत नाहीत, म्हणून तिला नंबर नाही, पण फाटकाबाहेर सिमरोलच्या रस्त्यावर शेजाऱ्याकडे दूध आणायला काढली की ती बिना नंबर, बिना विम्याची गाडी झाली. ह्यांना हे सांगताना जरा जोर द्या.

प्रश्न : काका, आमचं देवासला मॅरेज गार्डन आहे, नवरा-नवरीला आणायला बॅटरीची कार्ट आहे, साडेतीन वर्षं झाली. आधी पूर्ण रात्र चालायची, आता वरात दारात येईपर्यंत मान टाकते. मेकॅनिक म्हणतो एक बॅटरी खराब आहे, तेवढीच बदलू. बदलू का?
– एक वाचक, देवास

उत्तर : नका बदलू. साडेतीन वर्षांच्या पाच म्हाताऱ्यांमध्ये एक नवी टाकली की ती त्यांच्याबरोबर ओढली जाते आणि सहा महिन्यांत तीही तशीच. सेट वर्षाच्या आतला असता तर एकटी बदला म्हटलं असतं. पण आधी खात्री करा, रात्रभर चार्ज करून सकाळी मेकॅनिकला हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) घेऊन बोलवा आणि बॅटरीच्या प्रत्येक खान्याचं रीडिंग कागदावर लिहून घ्या, भरलेल्या चांगल्या खान्याला १.२६५ च्या वर हवं. सगळीच खाली असतील तर बॅटरीचा दोष नसेलही, चार्जरच अर्धा चार्ज करत असेल, आणि चार्जर सेटपेक्षा पुष्कळ स्वस्त. लग्नाचे मुहूर्त सुरू व्हायच्या आधी हे करा, नंतर तुम्हाला वेळ नाही आणि मेकॅनिकलाही नाही.

प्रश्न : कार्टच्या छतावर सोलर पॅनल लावला तर चार्जिंगची कटकटच जाईल ना? आमच्या वडोदऱ्याला ऊन भरपूर.
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : कटकट जाणार नाही, थोडी कमी होईल. छतावर मावेल असा ३०० वॉटचा पॅनल दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देतो, नुकसान जाऊन एक युनिट हाती लागतो, म्हणजे सात-आठ किलोमीटर. तुमचा वापर तेवढाच असेल तर उत्तम, नाहीतर प्लग आहेच. पॅनल आणि बॅटरीच्या मधे ४८ व्होल्टचा चार्ज कंट्रोलर मात्र हवाच, सरळ जोडू नका. आणि पॅनल लावलात की कार्ट उन्हात उभी करावी लागते, मग उन्हाने सीट तापते आणि घरचे ती परत झाडाखाली नेऊन लावतात, आमच्या ओळखीत दोघांकडे असंच झालंय.